पाय-होल लावलंय तरी टीव्हीवर जाहिराती येतात? आधी लॉग बघा की

आमच्या वडगावच्या घरी पाय-होल, म्हणजे वायफायवरच्या सगळ्या डिव्हाइसच्या जाहिराती अडवणारा प्रोग्राम, लावून तीन वर्षं झाली. त्यानंतर निपाणीला आत्याकडे, खानापूरला मावसभावाकडे, शहापुरात एका मित्राच्या दुकानात असं करत करत बऱ्याच जणांना मी ते बसवून दिलं, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणाहून महिन्याभरात एकच फोन येतो, "अरे ते तू लावलेलं चालंना की, टीव्हीवर परत जाहिराती यायला लागल्यात." मग मी जाऊन बघतो तर पाय-होल व्यवस्थित चालू असतं, डॅशबोर्ड उघडतो, ब्लॉक झालेल्या क्वेरींचा, म्हणजे अडवलेल्या प्रश्नांचा, आकडा वाढत असतो. बिघाड पाय-होलमध्ये नसतोच. घरातलं एखादं डिव्हाइस त्याला विचारतच नसतं, परस्पर बाहेर दुसऱ्याला विचारून येतं.

मला हे महत्त्वाचं वाटतं कारण हे सगळं मी सुरू केलं ते आईच्या फोनमुळं. ती रोज सकाळी पंचांगाचं एक ॲप उघडते, त्यात एकदा पूर्ण स्क्रीनभर लाल पाटी आली, तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरलाय, लगेच इथं दाबा. ती इतकी घाबरली की फोन बंद करून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि दोन दिवस कुणाला बोलली नाही. घरातल्या वयस्कर माणसांना आणि बारक्या पोरांना हे असलं दिसू नये एवढंच मला पाहिजे होतं, आणि म्हणूनच एखादं डिव्हाइस बायपास करायला लागलं की मी ते तसंच सोडून देत नाही.

आता थोडक्यात यंत्रणा समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं तुकड्या-तुकड्यात जाईल. डीएनएस म्हणजे वेबसाईटच्या नावावरून, म्हणजे डोमेनवरून, तिचा आकड्यांतला पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, काढून देणारी व्यवस्था. पाय-होल काय किंवा ॲडगार्ड होम काय, दोघांचं काम एकच, जाहिरातवाल्या डोमेनचं नाव कुणी विचारलं की ०.०.०.० असं पोकळ उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांना खरं उत्तर आणून द्यायचं. पण तो टोलनाका नाही. गल्लीच्या तोंडावरच्या पानपट्टीवाल्यासारखा आहे, पत्ता विचारला तर सांगणार, न विचारता कोण सरळ पुढं गेला तर त्याला अडवायची ताकद त्याच्यात नाही. अडवायची ताकद फक्त राऊटरमध्ये आहे कारण बाहेर जाणारं सगळं तिथूनच जातं.

सगळ्यात आधी हे ठरवा की खरंच बायपास होतंय का. यूट्यूबची जाहिरात आणि यूट्यूबचा व्हिडिओ एकाच प्रकारच्या सर्व्हरवरून येतात, डोमेनच्या नावावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत, त्यामुळं यूट्यूबच्या जाहिराती दिसल्या म्हणून पाय-होलला दोष देऊ नका, डीएनएसवर चालणारं कुठलंच ब्लॉकर ते थांबवू शकत नाही. इन्स्टाग्राम, फेसबुकच्या आतल्या स्पॉन्सर्ड पोस्टचंही तसंच, त्या त्यांच्याच सर्व्हरवरून येतात. ज्या जाहिराती आधी थांबत होत्या आणि आता दिसायला लागल्यात, किंवा एका फोनवर थांबतात आणि दुसऱ्यावर तोच ॲप उघडला की दिसतात, तिथं बायपासचा संशय धरा.

मग क्वेरी लॉग, म्हणजे कुठल्या डिव्हाइसनं कुठलं नाव विचारलं याची पाय-होलमधली नोंद. लोक लॉग न बघताच राऊटरच्या सेटिंगमध्ये हात घालतात आणि मग काय बदललं नि काय नाही हे त्यांनाच कळत नाही. ज्या डिव्हाइसवर संशय आहे त्याचा आयपी ॲड्रेस त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये बघा, लॉगमध्ये त्या आयपीवर फिल्टर लावा, डिव्हाइस पाच मिनिटं वापरा आणि लॉग बघत बसा. फोन असेल तर एक अडचण येते, ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस (डिव्हाइसचा स्वतःचा ओळख नंबर) न देता बनावट देतो, आणि कधीकधी तो बदलला की आयपीही बदलतो, मग आपण जुन्या आयपीच्या नावानं शोधत बसतो. घरच्या वायफायपुरतं ते रँडम मॅकचं सेटिंग बंद करून टाका आणि राऊटरमध्ये त्या फोनला आयपी राखून ठेवा.

आत्याकडचं उदाहरण सांगतो. संध्याकाळी तिची मालिका टीव्हीवरच्या एका ॲपवर चालू होती, पाऊण तास झालेला. टीव्हीचा आयपी १९२.१६८.१.२३. लॉगमध्ये त्या आयपीच्या नावावर सकाळपासून फक्त सहा क्वेरी, सगळ्या टीव्ही चालू केला त्या मिनिटातल्या, आणि सगळ्या घड्याळ लावणाऱ्या टाईम सर्व्हरच्या. ज्या ॲपवर मालिका चालू आहे त्याचं एक डोमेन नाही, टीव्हीच्या होम स्क्रीनवर मोठा बॅनर दिसतोय त्याचं नाव नाही. म्हणजे टीव्हीला पाय-होलचा पत्ता माहीत होता, थोडंसं विचारलंसुद्धा, पण मुख्य कामाला तो दुसरीकडं जात होता. हे असं अर्धवट चित्र दिसलं की समजायचं डिव्हाइसमध्ये कंपनीनंच एखादा डीएनएस पत्ता ठोकून बसवलाय. त्याचा इलाज खाली येतोच.

याउलट लॉगमध्ये त्या डिव्हाइसचं नावच नसेल तर त्याला पाय-होलचा पत्ता मिळालेलाच नाही किंवा सगळं एन्क्रिप्टेड डीएनएसनं, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या प्रश्नांनी, चाललंय. आणि सगळ्या क्वेरी दिसतात, पण जाहिरात तरी येते, तर तो बायपास नाही, तुमच्या ब्लॉकलिस्टमध्ये ते डोमेन नाही एवढंच, लॉगमधून नाव उचलून लिस्टमध्ये घाला, विषय संपला.

अजून एक चित्र असतं, लॉगमध्ये घरभराच्या क्वेरी एकाच आयपीवरून, म्हणजे राऊटरच्याच आयपीवरून आलेल्या दिसतात. याचा अर्थ तुम्ही पाय-होलचा पत्ता राऊटरच्या इंटरनेटच्या बाजूला, म्हणजे वॅन सेटिंगमध्ये टाकलाय. तो टाकायचा लॅनच्या, म्हणजे घराच्या बाजूला, डीएचसीपी सर्व्हरच्या (घरातल्या डिव्हाइसना आयपी वाटणाऱ्याच्या) सेटिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसला तो थेट मिळतो. वॅनला टाकलं तरी ब्लॉकिंग चालतं, पण कोण काय विचारतंय कळत नाही, आणि पाय-होल मुळात एका आयपीकडून एका मिनिटात १००० क्वेरींवर गेलं की पुढच्या नाकारतो. सगळं घर एकाच आयपीमागं असेल तर सणासुदीला पाहुणे आले की तो आकडा गाठला जातो आणि मग "नेट अडकलंय" म्हणून बोंब.

आता सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक. राऊटरच्या डीएचसीपीमध्ये डीएनएसचे दोन रकाने असतात, प्रायमरी आणि सेकंडरी. पहिल्यात पाय-होल, आणि दुसरा रिकामा ठेवायला जीव होत नाही म्हणून लोक तिथं ८.८.८.८ हा गुगलचा डीएनएस टाकतात, की पाय-होल बंद पडलं तर हे उपयोगी येईल. मी स्वतः बघितलेल्या घरांत निम्म्याहून जास्त ठिकाणी हेच होतं. सेकंडरी म्हणजे राखीव, असं डिव्हाइस मानत नाहीत. काही फोन दोघांना एकदम विचारतात आणि ज्याचं उत्तर आधी आलं ते घेतात, काही एकदा पहिल्याकडून उशीर झाला की दुसऱ्यालाच धरून बसतात आणि परत पहिल्याकडं फिरकत नाहीत. म्हणजे जाहिराती कधी येतात कधी येत नाहीत, आज नाही उद्या हाय, असं विचित्र दिसतं आणि माणूस वैतागतो. दुसरा रकाना रिकामा ठेवा. राऊटर रिकामा ठेवू देत नसेल तर दोन्हीकडं पाय-होलचाच पत्ता टाका. तेही घेत नसेल तर दुसऱ्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर किंवा पायवर (रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर) दुसरं पाय-होल लावा आणि त्याचा पत्ता तिथं द्या, खरा राखीव असा असतो. काही राऊटर तुम्ही टाकलेल्या पत्त्याबरोबर स्वतःचा पत्ताही गुपचूप डिव्हाइसला देतात, ते सेटिंग वेगळीकडं असतं, शोधून बंद करा.

फायबर घेतल्यावर कनेक्शनवाल्यानं दिलेल्या राऊटरमध्ये डीएचसीपीचा डीएनएस बदलायला पुष्कळदा मिळतच नाही, रकाना असतो पण राखाडी, लिहायला येत नाही. आमच्याकडं तेच झालं होतं. मग दोन रस्ते. एक, त्या राऊटरचं डीएचसीपी बंद करायचं आणि पाय-होलमध्येच डीएचसीपी सर्व्हर चालू करायचा, त्यात सोय आहे, आयपी वाटणाराही तोच आणि डीएनएस देणाराही तोच. दोन, त्याच्या मागं स्वतःचा राऊटर लावायचा, घरातलं सगळं त्याच्यावर घ्यायचं आणि कनेक्शनवाल्याच्या राऊटरचं वायफाय बंद करायचं. शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण खानापूरला भावाकडं नवीन राऊटर लावून झाल्यावरही महिनाभर पोरांचा टॅब जुन्याच वायफायला जोडलेला होता, पासवर्ड सेव्ह होता ना, आणि आम्ही नवीन राऊटरमध्ये काय चुकलं ते शोधत बसलेलो. गेस्ट वायफायचंही बघा, ते बहुतेक राऊटरमध्ये घरच्या नेटवर्कपासून तोडलेलं असतं, तिथून पाय-होलपर्यंत पोचताच येत नाही.

काहीही बदललं की डिव्हाइसला नवीन पत्ता मिळेपर्यंत फरक दिसत नाही. फोनचं वायफाय बंद-चालू करा, टीव्ही रिमोटनं नाही तर भिंतीवरच्या स्विचवरून बंद करून मिनिटभरानं लावा, विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग आणि पुढं रिन्यू, मग आयपीकॉन्फिग आणि पुढं फ्लशडीएनएस द्या. हे न करता "काय फरक पडला नाही" म्हणून परत सेटिंग फिरवणारी मंडळी बरीच आहेत.

यानंतर आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत. ही गळती दिसत नाही म्हणून जास्त त्रासदायक. आपण पाय-होलचा पत्ता दिला तो १९२.१६८ वाला, म्हणजे आयपीव्ही४चा. पण राऊटर त्याच वेळी आयपीव्ही६च्या बाजूनंही घोषणा करत असतो की डीएनएससाठी या पत्त्यावर या, आणि तो पत्ता राऊटरचा स्वतःचा किंवा कनेक्शनवाल्याचा असतो. ॲन्ड्रॉइड फोन ही घोषणा ऐकून तो डीएनएस घेतात आणि पाय-होल बाजूला पडतं. ओळखायची खूण सोपी, कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग ऑल दिलं की डीएनएस सर्व्हरच्या ओळीत १९२.१६८.१.२ च्या (पाय-होलच्या पत्त्याच्या) जोडीला लांबलचक, मधे कोलन असलेला पत्ता दिसतो. इलाज म्हणजे राऊटरच्या आयपीव्ही६ लॅन सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी पाय-होलचा आयपीव्ही६ पत्ता द्यायचा, पण त्याच्याकडं असतील त्यातला एफडी किंवा एफई८० नं सुरू होणारा घ्या, कारण कनेक्शनवाल्याकडून आलेला पत्ता राऊटर रिस्टार्ट झाला की बदलू शकतो. राऊटर ती घोषणा बंद करू देत असेल तर बंद करा, डिव्हाइस आयपीव्ही४च्या पाय-होललाच सगळं विचारतील आणि आयपीव्ही६चे पत्तेसुद्धा तिथूनच मिळतील. दोन्ही जमत नसेल तरच लॅनवरचं आयपीव्ही६ बंद करा, मला ते शेवटचा उपाय म्हणून ठीक वाटतं, आधी नाही.

आता फोनमधलं. ॲन्ड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाचं एक कलम आहे. त्यात तीन पर्याय, बंद, ऑटोमॅटिक आणि नाव टाकून. ऑटोमॅटिक असेल तर काळजी नाही, तो नेटवर्कनं दिलेल्या डीएनएसलाच विचारतो, जमलं तर एन्क्रिप्ट करून, नाही तर साधं. पण तिसऱ्या पर्यायात कुणी नाव टाकलं असेल तर फोन घरात असो वा बाजारात, डीएनएसचे सगळे प्रश्न एन्क्रिप्ट करून बहुतेक वेळा पोर्ट (ठराविक कामाचा दरवाजा) ८५३ वरून त्या सर्व्हरकडं नेतो, पाय-होलला पत्ताच नाही.

आईच्या फोनमध्ये हे कुठून आलं ते सांगतो कारण त्यातून मी बरंच शिकलो. जुलैमध्ये आपल्याकडं पाऊस कसा असतो तुम्हाला माहितीये, त्या रात्री तीन-चारदा लाईट गेली आली. राऊटरला छोटा यूपीएस होता, पायला नव्हता. पाय सारखा बंद-चालू होऊन त्याचं मेमरी कार्ड खराब झालं आणि घरातलं सगळं नेट थांबलं, मी तेव्हा पुण्यात. आई म्हणाली वायफाय दिसतंय पण काहीच उघडंना. शेजारच्या पोरानं मदत म्हणून तिच्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसला गुगलचं नाव टाकलं, पण नुसत्या त्या बदलानं तिचं नेट चालू झालं नाही, कारण त्या नावाचा पत्ता तरी कुणाला विचारणार, मग त्यानं मोबाईल डेटा चालू करून दिला. त्या पोराचं काय चुकलं नाही, त्यानं मनापासून मदत केली. मी आल्यावर कार्ड बदललं, पाय चालू झालं, आणि तिचा फोन मात्र तिथून पुढं दोन महिने पाय-होलला चुकवून जात राहिला. तेव्हापासून बायपास शोधताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, मधे कधी नेट बंद पडलं होतं का, आणि तेव्हा कुणी काय केलं.

म्हणून पायची लाईट सांभाळा. राऊटरच्या यूपीएसवरच किंवा इन्व्हर्टरच्या लाईनवर त्याला घ्या. आणि अजून एक बारीक गोष्ट, रास्पबेरी पाय ४ आणि त्याच्या आधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाईट जाऊन आली की त्याची वेळ मागं राहते, आणि पाय-होलमध्ये डीएनएससेक (उत्तर खरं आहे का ते डिजिटल सहीवरून तपासणारी सोय) चालू असेल तर चुकीच्या वेळेमुळं सह्या जुळत नाहीत, उत्तरं नाकारली जातात, आणि वेळ नीट करायला टाईम सर्व्हर शोधायचा तर त्याचं नावही सापडत नाही. पायला टाईम सर्व्हरचं नाव न देता आयपी ॲड्रेस दिला की ही गाठ सुटते.

ब्राउझरचं बघू. फायरफॉक्स आणि क्रोम दोघांतही सिक्युअर डीएनएस किंवा डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस नावाचं सेटिंग असतं, ते डीएनएसचे प्रश्न एन्क्रिप्ट करून वेबसाईटच्या वाटेनंच नेतं. फायरफॉक्स स्वतःहून ते चालू करायच्या आधी एक ठराविक डोमेन विचारून बघतो, त्याला "असं नाव अस्तित्वात नाही" असं उत्तर आलं की गप्प बसतो, आणि पाय-होल तसं उत्तर मुळातच देतं. पण माणसानं हातानं चालू केलं असेल तर तो ऐकत नाही. क्रोम तुमचा आत्ताचा डीएनएस त्याच्या ओळखीचा असेल तरच बदलतो, पाय-होल ओळखीचं नसतं म्हणून तसं काही होत नाही, फक्त हातानं गुगल किंवा क्लाउडफ्लेअर निवडलेलं नाही ना ते बघा. आयफोनमध्ये आयक्लाउडचं पैसे भरून असेल तर प्रायव्हेट रिले नावाची सोय सफारीचं ट्रॅफिक बाहेर नेते, घरच्या वायफायपुरती ती बंद करता येते. फोनमध्ये कुणी फुकटचं व्हीपीएन ॲप (फोनचं सगळं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेणारं) टाकलं असेल तर सगळंच बाहेर, आणि असले फुकटचे व्हीपीएन तर मी घरात कुणाच्याच फोनमध्ये ठेवू देत नाही, जाहिरातीपेक्षा वाईट प्रकार तो.

आता त्या टीव्हीकडं परत येऊ. कंपनीनं आतच ८.८.८.८ ठोकून बसवलेलं डिव्हाइस, क्रोमकास्टबद्दल हे जुनं माहीत असलेलं आहे, बऱ्याच स्मार्ट टीव्ही आणि कॅमेऱ्यांचंही तसंच. यांना सेटिंगमध्ये कितीही डीएनएस बदला, ते ऐकत नाहीत. इथं राऊटरच पाहिजे. राऊटरला सांगायचं की पाय-होल सोडून घरातल्या कुणीही पोर्ट ५३ वर बाहेर कुणालाही विचारलं तरी तो प्रश्न वळवून पाय-होलकडं ने.

ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी टाकता येणारं सॉफ्टवेअर) असलेल्या राऊटरवर असं करायचं. फायरवॉलमध्ये पोर्ट फॉरवर्डचा नवीन नियम, सोर्स झोन लॅन, प्रोटोकॉल टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, बाहेरचा पोर्ट ५३, सोर्स आयपीच्या जागी उद्गारचिन्ह देऊन पाय-होलचा आयपी, म्हणजे "हा सोडून सगळे", आतला झोन लॅन, आतला आयपी पाय-होलचा. ते उद्गारचिन्ह विसरलात तर पाय-होल स्वतः बाहेर विचारायला जाईल, राऊटर त्याचाच प्रश्न त्याला परत आणून देईल आणि घरभराचं नेट गोल गोल फिरत बसेल. एवढ्यावर थांबू नका, टीव्हीनं प्रश्न विचारला ८.८.८.८ ला आणि उत्तर आलं १९२.१६८.१.२ कडून, तर टीव्ही म्हणतो हा कोण, मी याला विचारलंच नव्हतं, आणि उत्तर फेकून देतो. म्हणून अजून एक नॅट (पत्ते बदलणारा) नियम लागतो, लॅनकडं जाणारं, पाय-होलच्या पोर्ट ५३ कडं जाणारं सगळं मास्करेड कर, म्हणजे विचारणाऱ्याच्या जागी राऊटरचा पत्ता लाव. मग उत्तर राऊटरमार्गे फिरून जातं आणि टीव्हीला ते ८.८.८.८ कडूनच आल्यासारखं वाटतं. याची एक किंमत आहे, वळवलेल्या क्वेरी लॉगमध्ये राऊटरच्या नावावर दिसतात, टीव्हीच्या नाही. मला ते चालतं.

नियम बसला का ते तपासायची युक्ती, कॉम्प्युटरवर एनएसलुकअप देऊन पुढं ॲड डॉट डबलक्लिक डॉट नेट आणि त्याच्या पुढं ८.८.८.८, इंग्रजीतच टाइप करायचं सगळं. म्हणजे मुद्दाम गुगललाच विचारायचं. उत्तर ०.०.०.० आलं तर राऊटर वळवतोय. खरा आयपी आला तर नियम लागलेला नाही. आयपीव्ही६ चालू ठेवलं असेल तर त्या बाजूनं बाहेर जाणारा पोर्ट ५३ सरळ बंद करा, आणि बंद करताना ड्रॉप नको, रिजेक्ट करा, रिजेक्टमध्ये डिव्हाइसला लगेच नकार कळतो, ड्रॉपमध्ये ते वाट बघत बसतं आणि ॲप उघडायला उगीच वेळ लागतो. पोर्ट ८५३ ही टीसीपी-यूडीपी दोन्हीवर तसाच बंद करा, एन्क्रिप्टेड डीएनएसचा तो एक दरवाजा आहे.

ज्यांच्याकडं साधा राऊटर आहे, फायरवॉलमध्ये एवढं काही नाही, त्यांनी स्टॅटिक राऊट शोधा. ८.८.८.८ आणि ८.८.४.४ या दोन पत्त्यांचा रस्ता घरातल्या कुठल्यातरी न वापरलेल्या आयपीकडं दाखवायचा, म्हणजे तिकडं गेलेलं हरवतं. पुष्कळ डिव्हाइस गुगल मिळत नाही म्हटल्यावर डीएचसीपीनं दिलेल्या पाय-होलकडं येतात. काही येत नाहीत आणि "इंटरनेट नाही" म्हणून अडून बसतात, तेव्हा तो राऊट काढून टाका, त्या डिव्हाइससाठी वरचे नियम घेणारा वेगळा राऊटर घेणं हाच मार्ग उरतो.

शेवटची आणि खरी अवघड जागा म्हणजे ॲपच्या आत बसवलेलं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (डीओएच). ते पोर्ट ४४३ वरून जातं, म्हणजे साध्या वेबसाईटसारखंच दिसतं, तो पोर्ट बंद केला तर सगळंच बंद. इथं शंभर टक्के यश मिळत नाही हे आधीच सांगतो. पण बऱ्याच ॲपना त्या सर्व्हरचं नाव आधी साध्या डीएनएसनं शोधावं लागतं, तिथं पकडता येतं. हागेझी नावाच्या तयार ब्लॉकलिस्टांमध्ये डीओएच, व्हीपीएन असले बायपास अडवणारी खास लिस्ट आहे, ती पाय-होलमध्ये घाला. ज्यांनी आयपीच ठोकलाय त्यांच्यासाठी राऊटरमध्ये ८.८.८.८, ८.८.४.४, १.१.१.१, १.०.०.१, ९.९.९.९ या (गुगल, क्लाउडफ्लेअर आणि क्वाड९च्या) पत्त्यांवरचा पोर्ट ४४३ बंद करा, फक्त पाय-होलचा अपस्ट्रीम (तो स्वतः पुढं ज्याला विचारतो तो डीएनएस) डीओएचनं यातल्याच कुणाकडं जात असेल तर त्याला सूट ठेवायला विसरू नका. आणि ही लिस्ट लावायच्या आधी घरातल्या सगळ्या फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस ऑटोमॅटिकवर आणा, कारण नाव टाकलेलं असेल आणि ते नाव ब्लॉक झालं तर तो फोन साध्या डीएनएसवर उतरत नाही, वायफायवरचं नेट पूर्ण थांबतं.

एक गोष्ट मी आता सगळीकडं करतो, पाय-होलचा अपस्ट्रीम मुद्दाम क्वाड९ ठेवतो. मग कुठल्याही फोनवर ब्राउझरमध्ये डीएनएस लीक टेस्ट (आपले प्रश्न कुठला डीएनएस सोडवतोय ते दाखवणारी वेबसाईट) चालवली की तिथं वूडीनेट असं नाव आलं (क्वाड९ तिथं याच नावानं दिसतं) तर तो फोन पाय-होलमार्गे जातोय, गुगल किंवा क्लाउडफ्लेअर आलं तर चोरवाट आहे. लॉग न उघडता अर्ध्या मिनिटात कळतं, आणि फोनवरून आत्यालाही सांगता येतं की ते उघड आणि काय लिहिलंय वाच.

आत्याच्या टीव्हीला शेवटी पोर्ट ५३ वळवायचा नियम लागला. तिच्याकडं जुना राऊटर होता त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढलं, नियम टाकले, टीव्ही भिंतीवरून बंद करून लावला. होम स्क्रीन उघडली तर बॅनरची जागा नुसती राखाडी चौकोन. लॉगमध्ये राऊटरच्या नावावर टीव्ही कंपनीच्या जाहिरात सर्व्हरची लाल ओळ, परत लाल ओळ, दर काही सेकंदाला एक, जवळपास दहा मिनिटं, टीव्ही पुन्हा पुन्हा विचारत होता. मालिका मात्र चालू झाली, आत्या म्हणाली, "आता बरं वाटतंय बघ, डोळ्यासमोरचं गेलं ते."

निघायच्या आधी राऊटरच्या पाठीवर एक कागद चिकटवून आलो, तुम्हीही चिकटवा. त्यावर पाय-होलचा आयपी, राऊटरचा आयपी, आणि पाय बंद पडलं तर काय करायचं ते मोठ्या अक्षरात, मराठीत आणि खाली कन्नडमध्येही, कारण वायरिंग बघायला येणारा माणूस कन्नड वाचतो: आधी पायचा स्विच बंद करून दोन मिनिटांनी लावा. तरी नाही झालं तर फोनचा मोबाईल डेटा वापरा. फोनच्या किंवा टीव्हीच्या डीएनएस सेटिंगला हात लावू नका, मला फोन करा.